नऊ भोकं आणि अर्धा फेरा

मला गणिताची भीती कधीच वाटली नाही, आणि हे मी कोणी न विचारताही सांगत सुटते. मामाच्या वर्कशॉपमध्ये सगळे मला ‘शहाणी’ म्हणतात. ते कौतुकाने नव्हे, एवढं मला कळतं.

त्या सकाळी मामाने लोखंडाची जाडजूड गोल तबकडी माझ्यापुढे ठेवली. पंपाचं झाकण. कडेने नऊ भोकं पाडायची, तीही कमीजास्त अंतरावर, प्रत्येकाची जागा कोनात दिलेली.

“एकटीने कर,” तो म्हणाला. “जमलं तर सोमवारपासून ड्रिल मशीन तुझं. बिघडवलीस तर पुन्हा घासकाम. आणि दुसरी तबकडी नाही, सांगून ठेवतो.”

एवढं बोलून तो चहाला गेला. दोन वर्षं मी कानस घासत होते. मला ते मशीन हवंच होतं.

भिंतीवरच्या तक्त्यात साइन-कोसाइन नव्वद अंशांपर्यंतच आहेत. पुढच्या कोनांना आकडे तेच, फक्त चिन्हं बदलतात. एकशे साठला वीसचे आकडे घ्यायचे, साइन धन, कोसाइन ऋण. अडीचशेला सत्तरचे, आणि दोन्ही ऋण. “आकडा भिंतीवरून, चिन्ह डोक्यातून,” असं मामा म्हणतो. माझी चिन्हं चुटकीसरशी निघाली. धन असेल तर तबकडी ज्यावर आवळली होती ते मशीनचं टेबल उजवीकडे किंवा पलीकडे, ऋण असेल तर डावीकडे किंवा अलीकडे. टेबलाची चाकं फिरवत, शीळ घालत मी नऊच्या नऊ भोकं पाडली.

मग तपासायला कागदी नमुना वर ठेवला. एकही भोक जुळेना!

चुकलं कुठे ते लगेच कळलं. मशीनवर ड्रिल जागचं हलत नाही, टेबल हलतं. टेबल उजवीकडे नेलं की भोक तबकडीच्या डाव्या अंगाला पडतं. दोन वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट मी तोऱ्यात विसरले होते.

दोन मिनिटं स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या आणि मग डोकं चालवलं. एकच चिन्ह उलटलं असतं तर आरशातलं चित्र झालं असतं, आणि एकच अंग गुळगुळीत केलेली ही तबकडी पालथी घालूनही भागलं नसतं, थेट भंगारात. इथे साइन आणि कोसाइन दोघांचीही चिन्हं उलटली होती. म्हणजे प्रत्येक कोनात एकशे ऐंशी मिळवले गेले, बाकी काही नाही. तबकडीवर वरची-खालची बाजू दाखवणारी खूणही कुठे नव्हती. मी ती अर्धा फेरा फिरवली. नऊच्या नऊ जुळली.

दारात मामाच्या चपला वाजल्या. गप्प बसले असते तरी चाललं असतं. मी त्याला सगळं सांगितलं.

त्याने नमुना उचलून पुन्हा ठेवला, प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं.

“मग सांगितलंस कशाला? मला काही कळलं नसतं.”

“सोमवारी जे झाकण करायचंय त्याला एका बाजूला नळी आहे, मामा. ते फिरवून भागणार नाही. तुला माहीत असलेलं बरं.”

मामाने नमुना खाली ठेवला.

“मीही एकदा अशीच फिरवली होती,” तो म्हणाला. “गुपचूप. पुढच्या आठवड्यात नळीवाल्या झाकणावर तेच केलं, आणि माझ्या हातून मशीन दोन वर्षं गेलं.”

त्याने खिशातून मशीनची किल्ली काढून माझ्या काळ्या तळहातावर ठेवली. “सोमवारपर्यंत कशाला थांबतेस, शहाणे?”