बाराचं ॲव्हरेज

लाँड्रीच्या दारामागे एक फळा होता. पूर्वी त्यावर हॉटेलांच्या चादरींचा हिशेब असायचा. गेले पाच महिने मात्र तिथे एकच आकडा झळकत होता: पिकअप एका लिटरला किती चालली. तो आकडा दीर लिहायचा, टाकी भरून झाली की लगेच, आणि लिहिताना मोठ्याने वाचायचा, म्हणजे इस्त्रीच्या टेबलावरच्या चौघींनाही कळावं की वहिनीच्या हातात गाडी डिझेल पिते.

"साडेदहा! दादाच्या हातात हीच गाडी बारा द्यायची, बारा!"

वहिनी तेव्हा मळक्या चादरींची बोचकी उतरवत असायची. ती काही बोलायची नाही. बोलायला हवं होतं ते तिच्या नवऱ्याने. तो पुढच्या काउंटरवर, पाठीला पट्टा बांधून, मूग गिळून बसलेला असायचा. वीस वर्षं गाडी त्यानेच चालवली होती. मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलं आणि लायसन्स घरात दुसऱ्या एकाच माणसाकडे होतं, ते वहिनीकडे. दिराने शिकायचा प्रयत्न दोनदा केला होता आणि दोन्ही वेळा फाटक तोडलं होतं. हा माणूस तिला क्लच शिकवत होता!

या खेपेला त्याने तारीखच दिली. "या टाकीला बारा आले नाहीत, तर शनिवारी किल्ली माझ्याकडे. मी पगारी ड्रायव्हर ठेवतो. वहिनी, तुम्ही आपल्या इस्त्रीवर बऱ्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इस्त्रीवर तिने चौदा वर्षं काढली होती, वाफेत, घामात, सगळ्यांच्या हाका झेलत. गाडीत दार लावलं की तिला कुणी हाक मारत नसे. हे सुख तिने आयुष्यात पहिल्यांदा चाखलं होतं आणि ते दीड किलोमीटरच्या फरकावरून हिसकावून घ्यायला दीर निघाला होता!

ती इरेला पेटली. गॅरेजच्या मिस्त्रीला म्हणाली, "काय काय करता येईल ते सगळं सांगा." मिस्त्रीने एअर फिल्टर काढून आपटला, तर निम्मं शेत बाहेर पडलं. तो बदलला. मागचं एक चाक हाताने फिरेना, ब्रेक धरून राहत होता, तो सोडवला. टपावरचा लोखंडी सांगाडा, ज्यावर वर्षानुवर्षं काहीच ठेवलं नव्हतं, तो उतरवला. रोज सकाळी ती टायरची हवा तपासू लागली. हॉटेलच्या दाराशी बोचकी मोजेपर्यंत इंजिन चालू ठेवायची सवय तिने मोडली. पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायचा, हायवेला पन्नासच्या वर जायचं नाही. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकले. त्यांच्या नावाने बोटं मोडत तिने पन्नास सोडला नाही.

पन्नासने जाताना माणसाला करायला काही नसतं. गुरुवारी ती रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचत निघाली. चाळीसच्या दगडाशी मीटरवर नजर गेली, मग साठच्या दगडाशी. वीस दगड मागे पडले होते आणि मीटर म्हणत होता अठरा. आपलंच चुकलं असेल म्हणून परत येताना तिने पुन्हा मोजलं. पुन्हा अठरा.

ती थेट गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री खाली वाकून टायरवरचे आकडे वाचू लागला आणि त्याने कपाळावर हात मारला.

"वहिनी, ही चाकं या गाडीची नाहीतच. मोठ्या टेम्पोची आहेत. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतं. मीटर बिचारा फेरेच मोजतो. गाडी वीस जाते, तो अठरा सांगतो. कुणी बसवली?"

दिराने बसवली होती. नवरा दवाखान्यात होता त्याच आठवड्यात, कुठूनतरी स्वस्तात आणून, "मजबूत आहेत, खड्डे जाणवणार नाहीत" म्हणत. म्हणजे पाच महिने तिचा पाणउतारा ज्या आकड्यावरून झाला, तो आकडाच खोटा होता. दिराला काय काय सुनवायचं ते ती वाटभर जुळवत आली.

काउंटरवर नवरा एकटाच होता. तिने सगळं सांगितलं. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्याची रेघही उमटली नाही. तो पावत्यांची चळत सारखी करत राहिला.

तिला तेव्हा कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं!"

"अगं, हळू."

"वीस वर्षं त्या गाडीखाली लोळलात तुम्ही. चाकं बघता क्षणी ओळखली असणार. आणि रोज इथे बसून माझी शोभा बघत होता?"

त्याने पावत्यांची चळत बाजूला सरकवली. मग खाली बघत म्हणाला, "माझ्याजवळ उरलंय काय? तो तेवढा बाराचा आकडा. तुझ्या हातातही बारा आले असते, तर मला कुणी विचारलं असतं?"

कीव यावी असंच बोलला तो. आलीही असती, पण पाच महिने तिची कीव कुणाला आली होती?

शनिवारी टाकी भरली. दीर खडू घेऊन फळ्याशी उभा, चौघी माना वर करून. "साडेअकरा," तो म्हणाला. "बारा नाहीत. किल्ली द्या वहिनी."

वहिनीने जुळवून ठेवलेलं सगळं गिळलं आणि काउंटरकडे वळली. "अहो, या इकडे. तुम्ही सांगा. तुमच्या तोंडाने."

नवरा पाठ सांभाळत उठला, भिंतीला धरून फळ्यापर्यंत आला. चाकांचं सांगितलं. दगडांचं सांगितलं. दिराचा खडू हातातच राहिला. हिशेब नवऱ्यानेच केला, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पावणेतेरा देते गाडी. माझ्या हातात बाराच्या वर कधी गेली नाही."

इस्त्रीवरच्या एकीने टाळीच वाजवली. दीर पुटपुटला, "मला काय माहीत, दादा काही बोललाच नाही." नवरा तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला, आता सगळं मिटलं ना, असं विचारत.

हे ऐकलं की राग जाईल, असं तिला दोन दिवस वाटत होतं. तो गेला नाही. दिराचा राग तर कधीच ओसरला होता. दीर मूर्ख होता, एवढंच. तिने धुतलेल्या चादरींचा गठ्ठा खांद्यावर घेतला आणि नवऱ्याला वळसा घालून गाडीकडे गेली.

तो मागून म्हणाला, "सावकाश जा हं."

तिने दार लावून घेतलं.