हळू चेंडूची बॅट

“आई, हात लावू नकोस, डाग पडतील,” थोरला म्हणाला.

जेवणाचं टेबल माझं, त्यावर बॅटी आडव्या टाकल्या ह्यानं, आणि हात मी लावायचा नाही! भांडी घासता घासता आले होते. ओल्या हातानंच एक उचलली.

“दुखलं का रे तिला?”

सून ओट्याकडे तोंड करून हसली. थोरल्यानं मला ऐकलंच नाही असं दाखवून बापाला विचारलं, “बाबा, ह्या दोन्हींतली कुठली ठेवू? नको ती दुकानदार परत घेतो म्हणालाय.”

आमचे हे कारखान्यात लेथवर होते, धातू कातायच्या यंत्रावर. जन्म त्यातच गेला. आता त्याच लेथवर थोरला उभा राहतो. कारखान्याच्या मैदानावर दरवर्षी जुन्यांची आणि नव्यांची सॉफ्टबॉलची मॅच होते आणि जुन्यांकडून चेंडू टाकतात ते हेच. नोकरी संपली, केस गेले, दात गेले, पण ती जागा ह्यांच्याकडून कुणी मागितली नाही. ह्यांनीही सोडली नाही.

ह्यांनी दोन्ही बॅटी हातात तोलून बघितल्या. “ही फास्ट पिचची. त्यात चेंडू सणसणत येतो, विचार करायला वेळ मिळत नाही. म्हणून हलकी, वजन सगळीकडे सारखं. आपला खेळ स्लो पिचचा. चेंडू वर जातो, निवांत खाली येतो. तेवढ्यात तुझी आई तीन माणसांना बोलून घेईल.”

“चार,” मी म्हटलं.

“तेव्हा ही दुसरी ठेव, काळ्या कार्बन फायबरची. टोकाला वजन आहे. चेंडूत वेग नसतो, तो बॅटनं द्यायचा असतो.”

“येताना हळू येतो, ते कळलं,” मी म्हटलं. “जाताना?”

थोरल्यानं बॅट फिरवून बघितली आणि तिचं टोक टेबलाच्या कडेच्या कपाला लागलं. कप ह्यांच्या पुढ्यातूनच घरंगळला. खाली पडला, फुटला, तुकडे भिंतीपर्यंत सरकत गेले, आणि मग ह्यांचा हात पुढे आला.

हात तसाच रिकामा राहिला. मग ह्यांनी तो खिशात घातला. मी बघितलं, आणि मी बघितलं हे ह्यांनीही बघितलं.

“कडेला कप ठेवतात का गं?” मी सुनेवर ओरडले. तिचा बिचारीचा काही संबंध नव्हता.

मॅचच्या आदल्या दिवशी थोरल्याचा शर्ट धुवायला घेतला. मला अक्षरं जुळवून वाचावी लागतात, पण ह्या घरातले कपडे मी घडाघडा वाचते. लेथवरच्या लोखंडाची साल कुरळी असते, पितळेची भुकटी पिवळी. ही भुकटी काळी होती, धातूची नव्हती, आणि हातांना अशी खाज सुटली की कोपरापर्यंत चढली. पाण्यानं जाईना, साबणानं जाईना.

मी तशीच थोरल्यापुढे जाऊन उभी राहिले. “बॅटीला काय केलंस?”

“हळू बोल ना!” त्यानं दार लोटलं. “टोकाचं टोपण काढून लेथवर आतून थोडी पोखरली. भिंत पातळ झाली की चेंडू उडतो. सगळे करतात गं.”

“सगळे बापासमोर उभे राहतात?”

“गेल्या वर्षी मला बाद केल्यावर सगळ्यांदेखत काय म्हणाले? ‘अजून दूध पी.’ अजून मला तिकडे दूधवाला म्हणतात. तुला काय जातंय!” मग जरा मऊ झाला. “मी उंच मारणार आहे आई, कुंपणाबाहेर. सरळ नाही मारणार.”

“चेंडूला सांगितलंस का तसं?”

तो चिडला. “मग सांग त्यांना, खेळू नका म्हणून. कारण काय सांगशील?”

तिथंच त्यानं मला पकडलं. बॅटीचं सांगितलं असतं तर हे हसले असते, म्हणाले असते, ह्याच्या दसपट जोराचे झेललेत. ह्यांना थांबवायचं तर मला कपापर्यंत उशिरा पोचलेल्या त्या हाताचं बोलावं लागलं असतं. माझ्या जिभेला ही गल्ली घाबरते. त्या दिवशी ती टाळ्याला चिकटली.

सकाळी ह्यांच्या पिशवीत मी तोंडावर बांधायची जाळी घातली. ह्यांनी ती दोन बोटांनी उचलून बाहेर काढली.

“मी काय चावतो?”

“बांधली तर काय बिघडतं?”

“बिघडतं,” एवढंच म्हणाले आणि चपला घातल्या.

मैदानावर मी घडीची खुर्ची घेऊन बाजूला बसले. खेळाआधी थोरला बॅट घेऊन ह्यांच्याजवळून चालला होता, तर ह्यांनी हात पुढे केला. बॅट घेतली. तोलली. टोकाच्या टोपणावरून अंगठा फिरवला, सावकाश, गोल. थोरल्याचा चेहरा उतरला. पण हे फक्त “घे” म्हणाले आणि आपल्या जागेवर गेले. मला वाटलं, ह्यांना नाही कळलं. म्हातारपण, दुसरं काय.

थोरल्याच्या आधी त्याचा एक सोबती खेळायला आला. त्यानंही तीच बॅट उचलली. ह्यांनी चेंडू टाकला. काय सुंदर टाकतात! वर गेला, थबकला, खाली आला. मग असा आवाज झाला की कुणीतरी जाड फांदी गुडघ्यावर मोडावी. चेंडू मला दिसलाच नाही. मागचं पत्र्याचं कुंपण दणाणलं, आणि त्यानंतर ह्यांचा ग्लोव्ह खांद्यापर्यंत वर आला. चेंडू त्याच खांद्यावरून गेला होता.

लोक टाळ्या वाजवत होते. पत्रा अजून थरथरत होता. थोरला बॅट घ्यायला निघाला.

मी उठले. खुर्ची उचलली, मैदानात चालत गेले आणि ह्यांच्या शेजारी खुर्ची उघडून बसले.

आधी हशा पिकला. पंच धावत आला. “काकू, खेळ चालू आहे!”

“चालू द्या की. मी कुठं अडवलंय?”

“ऊठ,” हे दबक्या आवाजात म्हणाले. “लोक बघताहेत.”

“बघू द्या. तिकीट नाही लावलं.”

थोरला तिकडून ओरडला, “आई, बाजूला हो!”

“तू उंच मारणार आहेस ना? मग माझी काय अडचण? मार.”

थोरल्यानं बॅट उचलली, माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. बॅटीचं टोक हळूहळू खाली आलं आणि मातीला टेकलं. तो ती तिथंच टाकून गेला आणि जुनी लाकडी घेऊन परत आला. मला बरं वाटलं. जिंकलेच मी.

मान वळवली तर हे ग्लोव्ह काढत होते. एकेक बोट सोडवत, घाई न करता. तो त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला आणि मैदानाबाहेर चालत गेले. कुणी हाक मारली नाही. जुन्यांतला एकजण पुढे झाला आणि ह्यांच्या जागेवर जाऊन उभा राहिला.

घरी हे पायरीवर बसले होते. मी ग्लोव्ह घेऊनच पोचले.

“बॅट पोखरलेली होती,” मी म्हटलं. “ठाऊक नाही तुम्हाला.”

“हातात घेतली तेव्हाच कळलं. टोपण मात्र सफाईनं बसवलंय. शिकला तो.”

“कळलं होतं, मग उभे कशाला राहिलात?”

ह्यांनी रस्त्याकडे बघितलं. “उभं राहायला तेवढीच जागा होती,” म्हणाले.

पुन्हा तसं झालं तर मी पुन्हा खुर्ची टाकेन. त्यात बदल नाही. ग्लोव्हला मी अधूनमधून तेल लावते, चामडं तडकू नये म्हणून. हे बघतात, मागत नाहीत.

सकाळी चहाचा कप मी टेबलाच्या मधोमध ठेवते. हे हात लांब करतात आणि कप ओढून कडेला आणून ठेवतात.