बसबूसाला हात न लावणारे वाचक

मित्रांनो, इजिप्तच्या पोर्ट सईदमधल्या एका तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी बसलेला मी एक जुना टाइपरायटर आहे. उजवीकडून डावीकडे अरबी लिहितो आणि ओळ संपत आली की घंटी वाजवतो. मन मोठे असावे म्हणतात. माझे नाही. एका बोटभर पेन्सिलीचा मी भयंकर मत्सर करतो, आणि तो लपवत बसण्याचे आता माझे वय राहिले नाही.

माझी मालकीण विदाद शाळेत शिकवते आणि कथा लिहिते. तिने मला जुन्या बाजारातून आणले तेव्हा माझ्या निम्म्या कळा अडकत होत्या. तिने तेल घातले, नवी फीत बसवली. तेव्हापासून तिचे प्रत्येक वाक्य मी मोत्यासारखे उमटवले. दर गुरुवारी मैत्रिणी जमत. विदाद रव्याचा, पाकात मुरलेला बसबूसा करी आणि कथा वाचून दाखवी.

"रडवलंस गं बाई! देव तुझे हात शाबूत ठेवो," असे म्हणत शेजारची सनीया दुसरी वडी उचली. ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याला आमच्याकडे वाकडे बोलत नाहीत. मग बसबूसा खाल्ल्यावर तर बघायलाच नको. अक्षर किती स्वच्छ, असेही सगळ्या म्हणत. मी फुगून जाई.

पण समुद्रात बुडून गेलेल्या वडिलांवरची तिची कथा कैरोच्या मासिकाने दोनदा परत पाठवली. दुसरे पाकीट उघडून विदाद म्हणाली, "आता एकदाच. परत आली तर लिहिणं बंद, आणि हे धूड भंगारवाल्याला!" धूड म्हणजे मी.

मग तिने उस्ताद बहजत यांना बोलावले. तीस वर्षे वर्तमानपत्राची मुद्रिते तपासलेले म्हातारे. तिने बशी पुढे केली.

"आधी वाचतो."

"निदान चहा तरी घ्या, उस्ताद."

"वाचून झाल्यावर. तोवर तुझ्या घरचं पाणीसुद्धा नको."

विदादचा चेहरा पडला. घरी येऊन पाणी नाकारणे म्हणजे आमच्याकडे उघड भांडण. उस्तादांनी मात्र खिशातून निळी पेन्सिल काढली. समुद्राचे वर्णन असलेली माझी पहिली तीन पाने, एकही खाडाखोड नसलेली, त्या सटवीने उभी कापली. चौथ्या पानावर तिने लिहिले, 'गोष्ट इथून सुरू होते.' आणि शेवटी, सनीया नेहमी रडे त्या जागी, एक प्रश्न: 'बातमी आली तेव्हा आई खरंच अशी रडली?'

विदादने तो प्रश्न पुन्हा एकदा वाचला. "नाही," ती म्हणाली. "ती मासे साफ करत होती. सगळे साफ केले, आणि बाबांच्या वाटणीचे बाजूला काढून ठेवले."

"मग तेच लिही की, पोरी!" उस्ताद म्हणाले. मग त्यांनी थंड झालेला चहा मागून घेतला आणि बसबूसाच्या तीन वड्या फस्त केल्या.

विदादने ती रेघोट्या ओढलेली पाने छातीशी धरली. माझी स्वच्छ पाने तिने कधी अशी धरली नव्हती. माझा जळफळाट झाला. ती पुन्हा लिहायला बसली तेव्हा मी मुद्दाम दोनदा कळ अडकवली.

या वेळी कथा त्याच मासिकात छापून आली. उस्तादांनी ती पेन्सिल विदादला देऊन टाकली, आणि आता ती माझ्याच शेजारी लोळते. तिच्याकडे बघून जळता जळता मला एक गोष्ट कळली. विदादने जे दाबले ते मी उमटवले. इतक्या वर्षांत 'खरंच का?' असे मी एकदाही विचारले नाही. मीसुद्धा बसबूसाच खात होतो.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ पुसा, तेल घाला, हे मागणे आहेच. पण तुमचे लिखाण आधी पाणी नाकारणाऱ्या माणसाच्या हाती द्या, आणि त्याच्यावर रुसू नका.

पेन्सिल आता नखाएवढी उरली आहे. काल विदाद तिला टोक काढत होती तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण माझी एकेक कळ आखडली. ती संपली, तर मला भंगारातून वाचवणार कोण?