चाळणातलं गवत

परदेशी गव्हाच्या चाळणाचं एक पोतं कमी आहे हे जास्मीनच्या लक्षात आलं, तेव्हा बाकीची पोती पेटवूनही झाली होती.

ती तळोज्याच्या एका पिठाच्या गिरणीत तपासनीस होती, राहायला पनवेलला. २००७ साली परदेशातून आलेला गहू त्यांच्याही गिरणीत उतरला. त्यात तिकडच्या तणांचं बी मिसळलेलं होतं. म्हणून गहू चाळून निघालेला कचरा, म्हणजे चाळण, जाळायचं, दाणाही बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा दंडक होता. त्यातलं रायग्रास नावाचं गवत तिकडे गव्हाची शेतंच्या शेतं गिळतं आणि तणनाशकालाही दाद देत नाही, हे तिला शिकवलेलं होतं.

चौकशी करताच हमाल मिथुननं कबूल केलं. अन्न जाळायचं त्याच्या जिवावर आलं, म्हणून दिवाळीआधीच त्यानं ते पोतं आपल्या गावी, आपट्याला, आईच्या कोंबड्यांसाठी नेलं होतं. मॅनेजरनी तिला समजावलं, की कोकणात गहू पिकवतो कोण, उगाच विषय वाढवू नका. जास्मीन जागेवर येऊन बसली, पण काम सुचेना. डबा न उघडताच तिनं घरी नेला. सुट्टी येताच ती एसटीनं आपट्याला गेली.

मिथुनची आई शांती नदीकाठच्या मळ्यात वांगी तोडत होती. चाळण कोंबड्यांनी कधीच संपवलं होतं. अंगण झाडून उरलासुरला केर शांतीनं मळ्यात टाकला होता. वांग्यांच्या ओळींमधून गवत चांगलं वर आलं होतं. जास्मीननं एक काडी उपटली. पानाची मागची बाजू चकचकीत, बुडखा तांबूस. तेच होतं.

शांती मात्र खुशीत होती. शेळ्या त्या गवतावर तुटून पडत होत्या. बी धरलं की थोडं निशाला पाठवणार, म्हणाली. निशा तिची लेक, निफाडकडे दिलेली. तिच्या दारात दोन म्हशी होत्या.

"मावशी, जावई शेतात काय करतात?" जास्मीननं विचारलं.

"गहू. दुसरं काय?"

जास्मीननं सगळं समजावून सांगितलं, पण शांतीला पटेना. तण ते तण, औषध मारलं की मरणारच. शेवटी शांतीनंच शेजारच्या बुधाजींचा पंप आणला आणि मळ्याच्या एका कोपऱ्यात गवताचं औषध फवारलं.

पुढचे दिवस जास्मीनचा पाय कुठेच ठरेना. कळंबोलीत गव्हाचे ट्रक थांबायचे, तिथे चाकांशी उगवलेलं गवत दिसलं की ती वाकून बघायची. बघणारे हसायचे. आपलंच काही चुकत असेल तर बरं, असंही तिला वाटून जायचं.

पुन्हा आपट्याला गेली तेव्हा फवारलेल्या कोपऱ्यातलं बांधावरचं नेहमीचं गवत पिवळं पडून वाळलं होतं. नवं गवतही निम्मं गेलं होतं. उरलेलं निम्मं मात्र औषध न लागल्यासारखं ताठ उभं होतं, आणि पोटरीत आलं होतं. म्हणजे ओंब्या फुटायला आता फार दिवस नव्हते.

शांतीनं त्यातली एक ताठ काडी उपटून हातात धरली.

"मीच माझ्या हातानं लेकीच्या शेतात हे धाडलं असतं," ती म्हणाली. मग तिनं शेळ्या लांब बांधल्या आणि पदर खोचला.

दोघींनी ऊन कलेपर्यंत गवत मुळासकट उपटलं आणि वाळल्यावर शांतीनं ते जाळलं. जास्मीननं सरकारी अधिकाऱ्यांना सगळं कळवलं. मॅनेजर तिच्याशी बोलेनासे झाले. मिथुनची पाळी बदलली, नोकरी मात्र वाचली. मळा बघायला आलेल्या अधिकाऱ्यांनी आणखी दोन हिवाळे लक्ष ठेवायला सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात मिथुनच्या मोबाइलवरून शांतीचा फोन आला.

"बाय, वांग्यात त्या गवताचं दोन कोंब निघालं. उपटलं मी. आता कायच नाय. तरी तू येऊन बघून जा. माझ्या जिवाला चैन नाय."

जास्मीननं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आपट्याची एसटी धरली.