बकारामची जागा

"वाच, अजून एकदा वाच," जमुनाबाई म्हणाली.

सून डिंपलने मोबाईल जरा लांब धरला. "कुख्यात सट्टाकिंग बकाराम जेरबंद. पोलिसांची धडक कारवाई."

"कुख्यात? घरची बकरी आयकत नाही त्याचं."

फोटोत बकाराम जमिनीवर उकिडवा बसला होता. मागे ठाण्याचे नवे साहेब आणि दोन शिपाई छाती काढून उभे. पुढ्यात एक वही, दोन पेन आणि रबर लावून बांधलेला मोबाईल. अंगात नवाकोरा आकाशी शर्ट. तो शर्ट पाहून जमुनाबाईचं डोकं फिरलं. रविवारी सडक अर्जुनीहून पाहुणे यायचे होते, बकारामच्या नातीला, चेतनाला बघायला. शर्ट त्यासाठी घेतलेला. पण ठाण्यात फाटक्या कपड्यांत कसं जायचं, म्हणून वेड्याने तोच घातला होता.

सट्टा जमुनाबाईचा होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नवरा राईस मिलच्या पट्ट्यात सापडून मेला, तेव्हा मालकाने तिला कनकीचं, म्हणजे तुकडा तांदळाचं, एक पोतं दिलं आणि हात जोडले. मग तिने दुसऱ्याकडे सट्ट्याच्या आकड्यांची पट्टी लिहिली आणि पुढे स्वतःची सुरू केली. आता अकरा गावांचा आकडा तिच्याकडे यायचा. बायका पहाटे पडलेली स्वप्नं सांगायला येत. साप दिसला, मेलेली सासू दिसली, आणि त्याचा आकडा जमुनाबाई सांगायची. गोंदियाच्या एका शेठने धंदा हिसकावायला चार माणसं पाठवली, तेव्हा ती दारात विळी घेऊन भोपळा चिरत बसली. ती माणसं निघून जाईपर्यंत उठली नाही. धंदा वाईट होता, हे तिलाही कळत होतं. चांगला धंदा तिला कुणी देऊ केला नव्हता.

ठाण्याला महिन्याला सट्ट्याची एक केस दाखवायला लागायची. हप्ता वेगळा आणि केससाठी एक माणूस वेगळा. सतरा वर्षं तो माणूस बकाराम होता. सकाळी जायचा, सही करायचा, दुपारी जमानतीवर परत. दंड बाई भरायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. आता हे फोटोची हौस असलेले साहेब आले होते.

बकाराम या वेळी म्हणाला होता, "बाई, या महिन्यात दुसरा पाहा ना. आयतवारी पावने येऊन राहिले."

आणि ती म्हणाली होती, "दोन घंट्याचं काम आहे. जाऊन ये."

रविवारी ती बकारामच्या घरी गेली. अंगण सारवलेलं होतं. चिवड्याच्या ताटल्यांवर बकारामच्या बायकोने, शामकलाने, फडकं झाकलं होतं. बकाराम तोच आकाशी शर्ट घालून दाराशी बसला होता. एक वाजता फोन आला. पाहुण्यांनी फोटो पाहिला होता. नातं नको म्हणाले.

कुणी रडलं नाही. शामकलाने ताटल्यांतला चिवडा पुन्हा डब्यात भरला. चेतना पावडर धुतलेलं तोंड पुसत बाहेर आली.

"आजी, धंदा तुमचा," ती म्हणाली, "अन् फोटो माह्या आजोबाचा काऊन?"

"चूप राय," बकाराम म्हणाला.

घरी येईपर्यंत जमुनाबाई साहेबाला शिव्या देत होती. घरी आल्यावर उरलेल्या स्वतःला दिल्या.

सोमवारी ती डिंपलला घेऊन ठाण्यात गेली. हवालदार चंद्रकुमारने लगबगीने खुर्ची पुढे केली, चहा सांगितला.

"फोटो काढा माहा," ती म्हणाली. "लिहा, सट्टा जमुनाबाईचा होय."

"अरे मावशी, कायले मजाक करून राहिल्या? तुमाले अंदर केलं तर तुमी आमचंबी नाव घ्यान."

"घेईन."

"मंग? चाय प्या अन् आरामसे घरी जा."

तिने डिंपलला खूण केली. डिंपलने खुर्चीवर बसलेल्या सासूचा तिथेच फोटो काढला, मागे ठाण्याची पाटी येईल असा. खाली लिहिलं, 'सट्टा माझा आहे. केससाठी बकारामला मी पाठवत होते. जमुनाबाई.' बकारामचा फोटो ज्या ज्या ग्रुपवर फिरला होता, तिथे हाही गेला. सडक अर्जुनीलाही गेला. तिकडून काही उत्तर आलं नाही.

संध्याकाळी ती मोबाईल घेऊन बकारामकडे गेली. त्याने चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"खुर्चीवर बसल्या तुमी," तो म्हणाला.

"मंग?"

"काही नाही. मले सतरा सालात 'बस' असं नाही म्हनलन कोनी. खाली बसा लागते तिथं." त्याने मोबाईल परत दिला. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसेना. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मंगळवारी भरदुपारी ती पुन्हा ठाण्यात गेली. अंगावर लग्नाकार्यात नेसायचं पातळ. चंद्रकुमारने सवयीने खुर्ची ओढली. तिने ती पायाने सरकवली.

"तो कुठं बसते?"

"कोन?"

"बकाराम."

चंद्रकुमारची नजर नकळत व्हरांड्याच्या कोपऱ्याकडे गेली. जमुनाबाई तिथे गेली आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. गुडघे कडकड वाजले.

"मावशी, उठा. लोक बघून राहिले."

"बघू दे. डिंपल, काढ."

भिंतीवर, खाली बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, तेलाचा एक जुना काळपट डाग होता. जमुनाबाईने पदर नीट केला आणि त्या डागाला डोकं टेकवलं.