प्लग काढलाय ना?

बायकोचं पीठ मळायचं मशीन बंद पडलं, तेव्हा फिटर खिडकीशी चहा पीत बसला होता. मोटर घुमत होती, पण भांड्यातला पीठ मळायचा आकडा काही केल्या फिरेना. पावाचं पीठ अर्धवट भिजून तसंच पडलं होतं.

"दुकानात टाकून येते," ती म्हणाली.

"का? मी काय मेलोय का?"

तिने काढलेली पिशवी परत ठेवली. घर तिच्या पाव-केकवरच चाललं होतं, पण ते तोंडावर कोण बोलणार? सगळी गल्ली त्याला अजून फिटरच म्हणायची. उजव्या हाताची मधली तीन बोटं कारखान्यात गेली, तरी नाव तेवढं राहिलं.

त्या दिवशी पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये हात घालण्याआधी त्याने मेव्हण्याला विचारलं होतं, "मेन बंद केलास ना?" मेव्हणा म्हणाला होता, "हो." हा मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. फिटरनेच त्याला कारखान्यात चिकटवलं होतं, हाताला धरून काम शिकवलं होतं. अपघातानंतर तो फळं घेऊन दारात आला, तर फिटरने दार लावून घेतलं. तेव्हापासून या घरात त्याचं नाव निघत नव्हतं. बायको भावाला बाहेर कुठेतरी भेटायची आणि घरी आल्यावर जरा जास्तच बडबड करायची. फिटरला ते कळायचं.

त्याने ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, मशीन आडवं केलं आणि डाव्या हाताने स्क्रू काढले. झाकण निघालं. आत काळं पडलेलं ग्रीस आणि दाते झडलेलं गिअरचक्र. "बघ, हे गेलंय," तो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या आवाजात धार आली होती. बायकोने बाजारातून नवं चक्र आणलं. त्याने चमच्याने ग्रीस खरवडून काढलं, मोटर नीट चालते का ते पाहायला एकदा चालू करून बंद केली आणि चक्र बसवायला घेतलं.

चक्र बसलं. अडलं ते पिनेपाशी. चक्राचं भोक आणि दांडीचं भोक एका रेषेत धरायचं आणि त्यातून काडीएवढी पिन सारायची. डाव्या हाताने धरलं तर पिन कोण घालणार? अंगठा आणि करंगळी यांच्या चिमटीतून ती सारखी निसटायची. एकदा ओट्याखाली गेली. तो गुडघ्यावर बसून चाचपडत राहिला, तोंडाने शिव्या चालूच.

"मी धरू का?" बायको म्हणाली.

"धर. बोट आत घाल आणि चक्र हलू देऊ नकोस."

तिने बाही वर सारली. "प्लग काढलाय ना?"

"हो," तो म्हणाला. मान वर न करताच.

ती नीट बघायला पुढे वाकली आणि तिचं कोपर मशीनच्या बाजूच्या खटक्याला लागलं. मोटर घुमली. ती किंचाळली. तिने हात ओढून घेतला तो रक्ताळलेलाच. मशीन ओट्यावर थरथरत राहिलं आणि मग फिटरने वायर हिसडली. प्लग भिंतीतून निघून त्याच्या पायाशी पडला.

अनामिकेचं नख मुळापासून निघालं होतं. बोट मात्र शाबूत होतं. त्याने तिचा हात नळाखाली धरला, फडकं गुंडाळलं. ती रडत नव्हती, त्याच्याकडे बघतही नव्हती. फडक्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात."

"मला वाटलं, काढलाय."

आपण काय बोललो ते त्याच्या कानावर पडलं. मेव्हणाही इस्पितळात, खाटेच्या पायथ्याशी उभा राहून, असंच म्हणाला होता, "मला वाटलं, बंद केलाय." तेव्हा फिटरने त्याच्यावर पाण्याचा तांब्या फेकला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोला सांगितलं, "त्याला बोलाव."

मेव्हणा आला. वाळला होता, दाढी वाढलेली. कारखाना त्यानेही सोडला होता, हे फिटरला त्याच्याच तोंडून कळलं. गोदामात पोती उचलतो म्हणे. यंत्राच्या जवळ जात नाही.

"एवढी पिन घालून दे," फिटर म्हणाला. त्याला दुसरंच काहीतरी बोलायचं होतं.

मेव्हण्याने आधी प्लग कुठे आहे ते पाहिलं. तो जमिनीवर होता. तरी त्याने तो उचलून शर्टाच्या खिशात ठेवला आणि मग आत हात घातला. पिन दोनदा निसटून पडली. शेवटी बसली. त्याने ग्रीस भरलं, झाकण लावलं, प्लग खिशातून काढून ताईच्या हातात दिला. मशीन चालू झालं तसा तो दोन पावलं मागे सरकला.

"ताई, येतो."

"चहा टाकलाय रे!"

फिटर त्याच्या मागोमाग जिन्यापर्यंत गेला. "थांब. माझ्याकडूनही तेच झालं. तिचा हात आत होता आणि मी..." त्याने जिन्याचा कठडा धरला. "चूक होते माणसाकडून. मी तुला फार बोललो."

मेव्हण्याने फिटरच्या उजव्या हाताकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदाच.

"ताईचं नख परत येईल, भाऊजी," तो म्हणाला आणि खाली उतरला.

तो पुन्हा आला नाही. बायकोने दोन-तीनदा निरोप धाडला, मग तेही सोडलं. फिटर आता तिला पीठ चाळून देतो, पावाचे साचे धुतो. मशीन चालू असलं की मात्र बाहेर जाऊन बसतो, आणि तीही त्याला आत या म्हणत नाही.