अस्वलाची शिंक

विंको रेपनिक म्युनिकमध्ये आला तो सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात, अंगावरच्या कपड्यांनिशी. त्याआधी तो युगोस्लाव्हियात, त्याच्या स्लोव्हेनियातल्या लुब्लियाना शहरात, एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहायचा आणि उरल्या वेळात मुलांसाठी गोष्टी. एकदा त्यानं लिहिलं, की एका गावातलं सरकारी घड्याळ तासभर मागे पडलं, तेव्हा कचेरीनं घड्याळजीला बोलावलं नाही. वेळेआधी उगवल्याबद्दल सूर्यालाच कारणे दाखवा नोटीस धाडली. सगळं शहर पोट धरून हसलं. ज्यांना टोला होता, त्यांनाही तो बरोबर लागला. विंको तुरुंगात गेला आणि त्याची मुलांची पुस्तकंसुद्धा वाचनालयांतून गायब झाली. सुटल्यावर तो डोंगरातल्या वाटेनं सरहद्द ओलांडून निघून आला.

म्युनिकमध्ये एका छापखान्याच्या गोदामात पुस्तकांचे गठ्ठे बांधायचं काम मिळालं. राहायला फ्राऊ लेख्नर या विधवा बाईंच्या घरातली मागची खोली. बाई मायाळू होत्या. एका रविवारी कॉफी पिताना विंकोनं त्यांना सूर्याच्या नोटिशीची गोष्ट जर्मनमधून सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली.

"पण सूर्य उत्तर कसं देणार?" त्यांनी विचारलं.

"तीच तर गंमत आहे."

"आख सो, असं होय," बाई म्हणाल्या आणि त्याला वाईट वाटू नये म्हणून हसल्या.

विंको खोलीत येऊन कॉटवर बसला. तुरुंगात निदान पहारेकऱ्यांना तरी त्याचे विनोद कळत होते.

वर्षं गेली. तो लिहायचा, पण वाचणार कोण? विनोद काही औषध नाही, एकट्यानं घ्यायला. समोर कुणीतरी लागतं. पुढं पुढं त्यानं सदर लिहिणं सोडलंच. फक्त मुलांच्या गोष्टी रचायचा आणि भांडी घासताना स्वतःशीच पुटपुटायचा.

मग त्याच्या देशातून मजूर येऊ लागले. रस्ते, इमारती, कारखाने, जिथं हात लागतील तिथं. पासष्टच्या जूनमध्ये त्यांच्या पाद्रीबाबांनी विंकोला गाठलं. "रविवारी प्रार्थनेनंतर हॉलमध्ये काहीतरी वाचा. आपल्या भाषेतलं ऐकायला पोरं आसुसली आहेत."

विंकोनं दाढी दोनदा केली. हॉल भरला होता. आठ वर्षांनी समोर अशी माणसं होती, ज्यांना काही समजावून सांगायला नको. त्यानं सूर्याच्या नोटिशीपासूनच सुरुवात केली.

कुणी हसलं नाही.

आधी त्याला वाटलं, आपला आवाज पोचत नाही. मग त्यानं नीट पाहिलं. माणसं एकमेकांकडे चोरून बघत होती. एकानं ओठ दातांखाली धरला होता. सगळ्यांना विनोद कळला होता, पण हसलेला माणूस गावी परतायच्या आत त्याचं नाव तिथल्या पोलिसांकडे पोचायचं. कान कुणाचे, कोण जाणे! इथं ज्यांना हसायची मुभा, त्यांना कळत नव्हतं. आणि ज्यांना कळत होतं, त्यांना मुभा नव्हती.

त्यानं कागद मिटले. आता काय करावं? तोंडात आली ती गोष्ट तो सांगू लागला.

रानाचा मुखिया अस्वल. त्याला भर उन्हाळ्यात अशी शिंक आली, की झाडांची सगळी पानं झडली. अस्वल म्हणालं, "मी नाही शिंकलो. वारा होता. आणि उन्हाळा अजून संपलेला नाही, पानं परत चिकटवा!" झालं, सगळे प्राणी लागले कामाला. कुणी थुंकी लावतंय, कुणी मध. ओकला चेरीची पानं, चेरीला ओकची. साळिंदराच्या काट्यांत पानं अडकली, तर त्यालाच झुडूप समजून खारीनं त्याच्यावर घरटं बांधलं.

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरा. अस्वल नाक पुसत पुन्हा "वारा होता" म्हणालं, तेव्हा तर अख्खा हॉल गदगदून हसला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. अस्वलाला हसायला कुणाची बंदी?

बाहेर ट्राम थांब्यापर्यंत एक धिप्पाड माणूस विंकोच्या मागोमाग आला. स्टाने त्याचं नाव. रस्त्याच्या कामावर होता.

"ती अस्वलाची पुन्हा सांगता? मुलगी सहा वर्षांची आहे माझी. ऑगस्टात सुट्टीवर जातोय."

"लिहून देतो की."

"नको. सरहद्दीवर बॅगा उपसतात. पाठ करतो." स्टानेनं मान खाली घातली. "आणि... तुमचं नाव मला तिथं घेता येणार नाही हो."

विंको म्हणाला, "नावाचं काय एवढं. शिंक मात्र मोठी काढा."

दोन ट्राम सोडून देऊन दोघं थांब्यावर शिंकत बसले.

सप्टेंबरात स्टाने परतला, तो हसतच. "अहो, पोरीनं शाळेत सांगितली! मास्तरीणबाई म्हणाल्या, ही आपल्याकडची फार जुनी गोष्ट, त्यांच्या आजीकडून ऐकलीय म्हणे."

विंको मनापासून हसला. इतका चांगला विनोद त्याला स्वतःला कधी सुचला नव्हता. हसता हसता त्यानं डोळे पुसले, आणि पुसतच राहिला. स्टानेनं ते पाहिलं आणि त्याचा खांदा दाबला. मग स्टानेची कामाची पाळी होती, तो गेला.

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीवर निघालेल्या चार जणांनी विंकोकडून एकेक गोष्ट पाठ करून घेतली. गाडीच्या दिवशी तो स्टेशनवर गेला. फलाटावर ओळखीचे-अनोळखी पुष्कळ होते, म्हणून कुणी त्याच्याशी हात मिळवला नाही. खिडकीतून एकानं फक्त हलकेच मान झुकवली. गाडी दक्षिणेकडे सुटली. हमाल ढकलगाड्या घेऊन परतले, झाडूवाला आला, त्यानं विंकोच्या पायांभोवतून फलाट झाडून घेतला, तरी तो तिथंच उभा होता.